पाहुण्यांचे कप

आमच्या अभ्यासक्रमाचं नाव इतकं लांब होतं की आईला ते कधीच एका दमात सांगता आलं नाही. सामाजिक संस्थांचं व्यवस्थापन आणि निधी उभारणी, असं काहीतरी. शेजारणींना ती सांगायची, "पुण्याला समाजसेवेचं शिकते." त्यावर शेजारणी विचारायच्या, "बरं, पण नोकरी लागते काय गो त्याने?" नवं शतक नुकतंच लागलं होतं. तरी रत्नागिरीत डॉक्टर, इंजिनिअर आणि बँक यापलीकडचं शिक्षण म्हणजे पोर वाया गेली, असाच समज होता.

शेवटच्या सत्रात वर्गातल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या संस्थेत काही महिने उमेदवारीला पाठवायचे. फळ्यावर यादी लागली तेव्हा सगळ्यांच्या नावापुढे दिल्ली, मुंबई, बंगळूर, अगदीच काही नाही तर नागपूर होतं. माझ्या नावापुढे रत्नागिरी. जिथे जन्मले, वाढले, जिथून सुटायचं म्हणून पुण्याला आले, तिथेच आता परत. सरांना जाऊन विचारलं, तर म्हणाले, "अगं, तुझी राहायची सोय आहे ना तिथे." माझी सोय झाली म्हणून मला इतका राग याआधी कधी आला नव्हता. पुढचे आठ दिवस मी वर्गात कुणाशी धड बोलले नाही.

आज वाटतं, त्या सरांच्या घरी जाऊन एकदा वाकून नमस्कार करायला हवा होता. राहूनच गेला.

संस्था म्हणजे नाचणे रोडवरच्या एका घराची पुढची खोली. घर बाईंचं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. अर्ध्या रत्नागिरीला त्यांनी कान धरून शिकवलेलं, त्यामुळे कुठल्याही कचेरीत गेल्या तरी कुणीतरी चटकन उठून उभं राही. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर बाईंनी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण. तो सुरू कसा करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण झाकण दर रविवारी धुतलं जात असे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "तुला काय काय येतं?"

मी शिकवल्याप्रमाणे सांगून टाकलं. गरजांचं मूल्यमापन, उद्दिष्टांची मांडणी, लाभार्थींची निवड, प्रकल्पाची फलनिष्पत्ती. बाई चष्म्यावरून बघत शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"आणि एसटीत उभ्याने जाता येतं काय गो? लांज्याची गाडी सकाळी भरलेली असते."

दुसऱ्या दिवसापासून मी लांज्याच्या गाडीत उभी.

लांज्याच्या पुढे, महामार्ग सोडून आत गेलं की एक वाडी होती. वाडीच्या टोकाला काजूचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत बायका ओळीने बसून काजू फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या. काजूच्या टरफलात चीक असतो. तो हाताला लागला की कातडी जळून काळी पडते, म्हणून बायका हाताला राख चोळून बसायच्या. पूर्वी त्यांची तान्ही पोरं तिथेच, भट्टीच्या धुरात आणि टरफलांत लोळायची. नाही तर थोरल्या बहिणीला शाळेतून काढून पोरं सांभाळायला घरी बसवायचं. बाईंच्या संस्थेने शेडजवळच चिऱ्याची एक खोली भाड्याने घेऊन पाळणाघर काढलं होतं. सांभाळायला वाडीतलीच एक मावशी ठेवली होती. दुपारी मऊ भात आणि वरण असायचं.

ज्या मंडळींच्या मदतीवर हे चालत होतं, त्यांची मुदत मार्चअखेर संपणार होती. नवा आधार मिळाला नाही तर खोलीला कुलूप लागणार होतं. तो आधार शोधायचा, हे माझं काम.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मावशीने मला चहा दिला. पांढऱ्याशुभ्र कपात, काठाला सोनेरी रेघ, खाली तशीच बशी. मला बरं वाटलं. म्हटलं, खोली साधी असली तरी कप मात्र चांगले ठेवलेत. त्यानंतर जेव्हा जेव्हा गेले तेव्हा चहा त्याच कपात यायचा. यायला जरा वेळ लागायचा एवढंच.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेडमधून एक बाई आली. तिचा धाकटा पाळणाघरात होता. थोरली मुलगी सातवीत. ह्या धाकट्यामुळे तिचं एक वर्ष घरी बसण्यात गेलं होतं, पाळणाघर निघालं तशी आईने तिला परत शाळेत घातलं होतं. ही बाई मला नीट न्याहाळत म्हणाली, "जूनमदी पन असंल ना गो बाय, पाळनाघर?"

"प्रयत्न चालू आहेत," मी म्हटलं. पुस्तकी उत्तर.

तिने मान डोलावली आणि पोराला पाजायला बसली. पाळणाघर बंद झालं तर पहिली कोण घरी बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मलाही ते त्या क्षणी कळलं. त्यानंतर सातवीतली मुलगी माझ्या डोक्यातून गेली नाही, आणि मी तिला तर तोवर पाहिलंही नव्हतं.

मग मी अर्ज लिहायला लागले. क्रोशाचं झाकण बाजूला करून दिवसभर टाइप करायची, फ्लॉपीवर घेऊन मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत जायची, तिथून पाठवायची, नाही तर छापून कुरिअरने धाडायची. बाई प्रत्येक कागद लाल पेनने तपासत. इंग्रजी कागदसुद्धा. "एवढे जड शब्द कशाला? तो माणूस वाचणार आहे की उचलणार आहे?" असं म्हणून वाक्यंच्या वाक्यं उडवत. मी आतून धुमसत असे. मला वाटायचं, ह्यांना काय कळतंय, अर्ज असाच लिहायचा असतो.

बऱ्याच ठिकाणांहून काही उत्तर आलं नाही. शेवटी मुंबईच्या एका विश्वस्त निधीने कळवलं की त्यांचे एक गृहस्थ पाळणाघर बघायला येतील. बाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी वाडीत निरोप दिला. मावशी म्हणाली, "येऊ दे सायबाला. काय काळजी करू नको."

तिथेच मी काळजी करायला हवी होती.

गृहस्थ वयस्कर, मृदू बोलणारे होते. त्यांना घेऊन आम्ही भाड्याच्या जीपने वाडीत पोचलो. मी खोलीत पाऊल टाकलं आणि थबकलेच. भिंतीवर टिकटिकणारं घड्याळ. जमिनीवर कोऱ्या सतरंज्या. दोन लाकडी पाळणे, कड्यांना झेंडूच्या माळा. कोपऱ्यात काचेचं कपाट, त्यात बाहुल्या आणि मोटारी. टेबलावर भरतकाम केलेला टेबलक्लॉथ. पोरं मोजकीच, तोंडाला पावडर, एकही शेंबडं नाही, आणि सगळी इतकी शहाण्यासारखी बसलेली की मला त्यांची भीती वाटली. मी मनात म्हटलं, मावशीने काय कंबर कसलीय, केवढं काय काय घेतलंय!

साहेबांनी पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, बायकांची चौकशी केली. मग विचारलं, "तुम्हाला काही अडचण? काही कमी आहे का?"

"नाय सायब. सगळं बरं हाय," बायका एका सुरात म्हणाल्या.

आता ह्यात मला तरी काय वावगं वाटणार? मी त्याच मातीतली. आमच्याकडे माणूस तापाने फणफणत असला तरी पायरीवर आलेल्याला 'बरं आहे' म्हणूनच सांगतो. खरं दुखणं परक्याला सांगायचं नसतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

साहेबांना पोहे झाले, खोबऱ्याच्या वड्या झाल्या, शहाळं झालं, सोनेरी काठाच्या कपात चहा झाला. ते तृप्त होऊन गेले. बाई जीपमध्ये माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "काम झालं."

दोन-तीन आठवड्यांनी पत्र आलं. काम उत्तम आहे, मन प्रसन्न झालं, असं सुरुवातीला लिहिलं होतं. पण केंद्र सर्व सोयींनी सुसज्ज दिसलं, तेव्हा आमची मर्यादित मदत जिथे अधिक गरज आहे तिथे जावी, असं विश्वस्तांचं मत पडलं. बाईंनी पत्र वाचून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. मी पत्र पर्समध्ये कोंबलं आणि स्टँड गाठला.

ह्या वेळी मी निरोप न देता गेले होते. दुपार होती. खोलीचं दार उघडं, आत शिरले तर खोली रिकामी. घड्याळ नाही. सतरंज्या नाहीत. पाळणे नाहीत, कपाट नाही. वाशांना पूर्वीसारख्याच जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या, खाली गोणपाटावर पोरांचं लेंढार, निम्म्यांची नाकं वाहत होती. मला पहिल्यांदा बघितल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती, आणि खरोखर त्यातली बरीचशी मी पहिल्यांदाच बघत होते.

"मावशी, चोरी झाली?" मी ओरडलेच.

मावशी भात कालवत होती. तिला हसू आवरेना. "चोरी कसली गो बाय? ज्याचं त्याला पोचवलं."

मग हळूहळू बाहेर आलं. घड्याळ वरच्या घरचं. सतरंज्या मंडपवाल्याच्या. पाळणा एका बाळंतिणीच्या खोलीतून उचलून आणलेला, दुसरा पलीकडच्या वाडीतला. कपाट पोस्टमनच्या घरचं, तेही आतल्या खेळण्यांसकट. शेंबड्या आणि रडक्या पोरांना, माझा निरोप आला की धाडत तसंच, त्या दिवशीही घरोघरच्या आज्यांकडे वाटून टाकलं होतं. आणि सोनेरी काठाचे कप आखातात मुलगा असलेल्या म्हातारीचे. मी येताना दिसले की मावशी मागच्या दाराने कुणाला तरी तिकडे पिटाळायची. चहाला वेळ लागायचा तो म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत बायका आल्या. मी पत्र वाचून दाखवलं आणि मग माझा तोल सुटला. माझा आवाज आधीच चढा, त्या दिवशी तो शेडपर्यंत गेला असणार. "अहो, मदत मागायला बोलावलं होतं त्या माणसाला! प्रदर्शन बघायला नव्हतं बोलावलं! सगळं बरं आहे म्हणून सांगितल्यावर तो कशाला देईल?"

"मंग काय पावन्याला फाटकं दाकवायचं?" मावशीने उलट विचारलं. तिला मनापासून कळत नव्हतं की मी का चिडलेय.

"गावभर मागत हिंडलात तेव्हा लाज नाही वाटली, आणि त्याला खरं सांगायची वाटली?"

ह्यावर सातवीतल्या मुलीची आई बोलली. ती आत्तापर्यंत दाराला टेकून उभी होती. "आपल्या मानसाकडं मागायला कसली लाज गो? लाज वाटते ती पावन्याकडं मागायची."

मी पत्राची घडी घालायला लागले. मग ती म्हणाली, "तर मंग आता पोरीचं नाव काडू काय शाळेतनं?"

तिने हे भांडणाच्या सुरात विचारलं नाही. उद्या पाणी येणार आहे काय, असं विचारावं तसं विचारलं. मावशीने मागाहून मला बाजूला घेऊन सांगितलं की सगळ्यात जास्त वस्तू हिनेच जमवल्या होत्या. पाळणा हिने डोक्यावरून आणला होता. तिचंच सगळं पणाला लागलं होतं, म्हणून तिने ते सगळ्यात चांगलं करायचा प्रयत्न केला होता, आणि त्यानेच घात झाला. एसटीत खिडकीशी बसून मी हे मनात घोळवत राहिले. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

बाईंना सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि कपाटातून भरतकाम केलेला टेबलक्लॉथ आणून माझ्यासमोर ठेवला. "हा माझाच होता," त्या म्हणाल्या. "मावशीने मागितला, मी दिला. मला वाटलं, एवढंच कमी असेल." आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की बाईंना ठसका लागला.

घरी आईला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग काय चुकलं त्यांचं?" मी समोर बघितलं. आमच्या काचेच्या कपाटात निळ्या फुलांचा कपांचा सेट होता. आईच्या माहेरून आलेला, आम्ही त्यातून कधी चहा प्यायलो नव्हतो. पाहुणे आले की तो निघायचा, आणि ट्रे मात्र शेजारून यायचा. लहानपणी तो ट्रे आणायला कुंपणाच्या दगडी गडग्यावरून उडी मारून मीच जात असे. परत देताना आई त्यावर चार आमसुलं तरी ठेवायची, रिकामा कधी दिला नाही. वाडीतल्या बायकांनी हेच केलं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर.

मार्च जवळ येत होता. बाई म्हणाल्या, त्याच माणसाला पुन्हा लिही. मी जुना अर्ज काढून बसले. त्यात 'लोकसहभाग' म्हणून एक रकाना असतो. गावातले लोक स्वतः काय करणार, हे त्यात लिहायचं असतं. बहुतेक अर्जांत तो रकाना थापा मारून भरतात. मीही 'ग्रामस्थांचे सहकार्य अपेक्षित' एवढं लिहून मोकळी झाले होते. बाईंनी लाल पेनचं टोक त्या ओळीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. दोघींच्याही डोक्यात एकच आलं होतं.

पण ते लिहायचं तर बायकांना विचारायला हवं होतं. मी परत वाडीत गेले आणि सांगितलं की त्या दिवशी काय काय कुणाकडून आणलं होतं ते मी साहेबांना लिहू म्हणते.

मावशी भडकली. "म्हंजे गावाची अब्रू मुंबईला पाटवनार तू? मागून आनून मांडलं म्हनून?" आणखीही दोघी-तिघींनी मान हलवली. एक तर उठून चालू लागली.

सातवीतल्या मुलीच्या आईने थोडा विचार केला. मग म्हणाली, "लिव. पन कुनीच नाय म्हटलं नाय, ते पन लिव."

हे मात्र सगळ्यांना पटलं. मग जी ती सांगायला लागली. वरच्या घरी दहावीचा पोरगा होता, घड्याळ दिल्यावर तो दिवसभर अभ्यासातून उठून शेजारी वेळ विचारायला जात होता. बाळंतिणीचं बाळ पाळण्याऐवजी झोळीत झोपलं आणि म्हणे जास्तच गाढ झोपलं. मंडपवाल्याने सतरंज्यांचं भाडं घ्यायला साफ नकार दिला. आखातवाल्या म्हातारीला त्या गडबडीत कुणावर भरवसा नव्हता, म्हणून ती स्वतः कप मांडीवर घेऊन, चार घरांच्या अंतरासाठीसुद्धा बैलगाडीतून आली होती आणि साहेबांचा चहा होईस्तोवर मागच्या पडवीत राखण करत बसली होती. पोस्टमनच्या घरी कपाट गेलं म्हणून त्यांच्या पोरीने रडून गोंधळ घातला, तर तिला मावशीच्या सुनेने नाचणीचे लाडू देऊन गप्प केलं. सांगता सांगता बायका इतक्या खुलल्या की मघाशी उठून गेलेलीही परत येऊन बसली.

मी ते सगळं मराठीत लिहिलं, जसं ऐकलं तसं. पाळणाघर गेलं तर काय होईल, तेही दोन ओळींत लिहिलं, सातवीतल्या मुलीचं उदाहरण देऊन. तेही तिच्या आईला विचारून. बाईंचं लाल पेन एकाच शब्दावर थांबलं. 'लाभार्थी' खोडून त्यांनी वर लिहिलं, 'आया'. बाकी कागद तसाच ठेवला. त्यांच्या हातून जवळजवळ न रंगलेला माझा तो पहिला कागद.

साहेबांचं उत्तर लवकर आलं. मी पुन्हा येतो, पण ह्या वेळी काही मांडू नका, एवढीच विनंती.

'काही मांडू नका' हे वाडीला किती जड गेलं ते मीच बघितलंय. आदल्या दिवशी मावशी तीनदा झाडू मारून आली. गोणपाटावर निदान एक चादर तरी घालू दे, म्हणून माझ्याशी हुज्जत घालत होती. सकाळी साहेब आले तेव्हा बायका चेहरे पाडून बसल्या होत्या, जणू कुणी त्यांना भरचौकात उभं केलंय. मला त्यांच्याकडे बघवेना. सातवीतल्या मुलीची आई हाताची राख पदराला पुसत दाराशी उभी होती.

साहेब चपला काढून आत आले आणि सरळ गोणपाटावर बसले. एका शेंबड्या पोराने त्यांचा चष्मा ओढला, दुसऱ्याने त्यांची मांडी ओली केली. ते हसायला लागले. झोळ्या बघितल्या, भात बघितला, मग हळूच विचारलं, "घड्याळ कुणाच्या घरचं होतं?" वरच्या घरची बाई दारात होती, तिने लाजत हात वर केला. "आणि दहावीचा अभ्यास कसा चाललाय?" खोलीत हशा पिकला. ताण गेला. त्यानंतर त्यांनी अडचण काय आहे असं विचारलं, आणि बायका बोलल्या. अडखळत, एकमेकींकडे बघत, पण बोलल्या.

चहा आला. साहेबांपुढे सोनेरी काठाचा कप. मी मावशीकडे डोळे वटारून बघितलं. ती ठसक्यात म्हणाली, "बाकी सगळं ऐकलं तुजं. ह्ये नाय ऐकनार. पावना तो पावनाच." पडवीकडे नजर गेली तर म्हातारी बसलेलीच होती. माझ्यापुढे मावशीने चेपलेला स्टीलचा पेला ठेवला. खरं सांगते, मी जराशी खट्टू झाले. इतके दिवस मला कप होता.

मंजुरी आली तेव्हा मी परीक्षेसाठी पुण्याला परतले होते. वसतिगृहाच्या फोनवर बाईंनी सांगितलं. मी मुसमुसायला लागले, तर त्या म्हणाल्या, "फोनवर रडू नकोस, बिल माझं येतं." जूनमध्ये पाळणाघर उघडं होतं आणि ती मुलगी आठवीत गेली.

मला पुण्यातच नोकरी लागली, ह्याच क्षेत्रात. शेजारणींना आश्चर्य वाटलं. मी अर्ज लिहिले, पुढे दुसऱ्यांचे अर्ज वाचू लागले, गावोगाव केंद्रं बघायला जाऊ लागले. कोरी सतरंजी दिसली की मी हसून विचारते, कुणाच्या घरची. ते विचारायला मला त्या वाडीने शिकवलं, आणि मी जे काही बरं काम केलं असेल त्याचं मूळ त्या खोलीत आहे. हे त्यांना नीट सांगायचं मात्र कधी जमलं नाही. गेले की पेल्यात चहा मिळायचा, गप्पा व्हायच्या, विषय राहून जायचा.

तीन वर्षांनी जूनमध्ये मी रजेवर घरी आले होते. दुपारी दारात कुणीतरी उभं. बघते तर वाडीतल्या त्या मुलीची आई. बाईंकडून पत्ता विचारत आली होती. हातात पिशवी, पिशवीत काजूगर. मुलगी दहावी पास झाली होती, वाडीतून पास झालेली पहिली मुलगी. मी तिचे हात धरले. ते अजून तसेच काळे, खरखरीत होते.

आईने पाहुणी आली म्हणून निळ्या फुलांच्या कपात चहा आणला. मुलीच्या आईने कप हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मग खाली ठेवून म्हणाली, "ह्येच पायजे होते."

रविवारी शाळेचे हेडमास्तर आणि गावची मंडळी मुलीचा सत्कार करायला घरी येणार होती. आखातवाल्या म्हातारीला तिच्या परत आलेल्या मुलाने मुंबईला नेलं होतं, घराला कुलूप होतं. "सोमवारी परत पोचवते," ती म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं. तो सेट आमच्या उंबऱ्याबाहेर कधी गेला नव्हता. मग ती उठली, एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि मागच्या पडवीतून आंब्याची रिकामी पेटी आणून पेंढ्यात नीट लावून दिले. ट्रेसुद्धा शेजारून मागून आणला आणि वर ठेवला.

मी पेटी उचलून तिच्याबरोबर स्टँडवर गेले. लांज्याची गाडी लागली होती. मी म्हटलं, "एवढ्या लांब आलात, नुसत्या कपांसाठी?"

"मंग?" ती म्हणाली. "मागायचं तर आपल्या मानसाकडंच ना."

माझे डोळे भरून आले, आणि ह्या वेळी बिल कुणाचंच येणार नव्हतं. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभी होते. कंडक्टरने पेटी वर फळीवर ठेवायला सांगितली, तर तिने त्याचं ऐकलं नाही. ती पेटी मांडीवर घेऊनच गेली.